मास्तरणीला कोणी घातलं?

डॉक्टर : दोघी एकदम बोलू नका, कोंबडी दचकते. एकीने धरा, एकीने सांगा. हिच्या गळ्याखालचा हा फुगा कधी दिसला?

धाकटी : काल दुपारी. मशीनवर शिवत बसले होते. खिडकीतून पाहिलं तर ही भिंतीला टेकून उभी. चोच उघडायची, मिटायची.

थोरली : डॉक्टर, तिला विचारा, काल दुपारी दिसलं तर तुम्हाला बोलवायला आजची सकाळ का उजाडली?

डॉक्टर : त्या तुमच्यापासून दोन हातांवर उभ्या आहेत. तुम्हीच विचारा.

थोरली : मी बोलत नाही तिच्याशी.

डॉक्टर : आणि तुम्ही?

धाकटी : मीही नाही.

डॉक्टर : केव्हापासून?

धाकटी : आमच्या सासूबाई गेल्या तेव्हापासून. चार महिने झाले.

डॉक्टर : एकाच घरात राहून?

थोरली : घर एक, चुली दोन. अंगण तेवढं सामाईक राहिलं. मधे भिंत घालायची म्हटलं होतं, तर हे म्हणाले, कुठली बाजू कुणाची ते कोंबड्यांना कोण समजावणार?

डॉक्टर : सासूबाईंना ओळखायचो मी. टोपलीवर फडकं बांधून कोंबडी घेऊन यायच्या दवाखान्यात आणि माझ्याआधी त्याच रोग सांगायच्या. ही तीच का? मास्तरीण?

धाकटी : तीच. मान वर काढून चालते, सगळ्या वर्गावर नजर ठेवल्यासारखी. आईंनीच ठेवलं ते नाव. पिल्लू होती तेव्हा थंडीत मरायला टेकली होती. आईंनी उशाशी चपलांच्या खोक्यात ठेवून जगवली.

थोरली : आईंच्या हातची एवढी एकच उरली. बाकीच्या चार मागाहून आणलेल्या. त्यांचं काय व्हायचं ते होवो, पण हिला काही झालं ना डॉक्टर, तर मी कुणाला सोडणार नाही.

धाकटी : कुणाला म्हणजे? त्यांना म्हणावं, नाव घेऊन बोला.

डॉक्टर : मी टपालवाला नाही हो, जनावरांचा डॉक्टर आहे. तुमचे निरोप तुम्ही पोचवा. आता इकडे या. हात इथे ठेवा. छातीच्या वर, उजव्या अंगाला. काय लागतंय?

धाकटी : चेंडू. कडक आहे. कापड कोंबून भरलेली उशी असते तसा.

डॉक्टर : ही हिची पिशवी. खाल्लेलं आधी इथे साठतं, भिजतं, मग हळूहळू खाली उतरतं. संध्याकाळी झोपायला जाताना ही भरलेली असली पाहिजे, सकाळी उठताना रिकामी. सकाळी भरलेलीच लागली म्हणजे कालचं खाली गेलेलं नाही. तोंडाला वास बघा. आंबलाय. आता खरं सांगा, आज दाणा पडलाय का हिच्यापुढे?

धाकटी : सहाला घातला मी. पण हिने चोच नाही लावली.

थोरली : सहाला? मी आठला घातला!

डॉक्टर : म्हणजे दोनदा.

थोरली : आज सुटी म्हणून आठला. शाळा असते तेव्हा सातला घालून निघते. शाळेच्या स्वयंपाकघरात आहे मी, दोनशे मुलांचं असतं माझ्याकडे. उपाशी कुणाला ठेवायची सवय नाही माझ्या हाताला.

डॉक्टर : म्हणजे रोज सकाळी सहाला या, सातला तुम्ही. आणि संध्याकाळी?

धाकटी : पाचला मी.

थोरली : सहाला मी.

डॉक्टर : किती?

धाकटी : मोठी वाटी भरून.

थोरली : वाटीबिटी मला कळत नाही. ओंजळीने घालते. दोन ओंजळी. वर शाळेतला उरलेला पाव असतो, तो भिजवून.

डॉक्टर : पाव! पाव आत जाऊन फुगतो बाई. पाच कोंबड्यांना दिवसातून चार जेवणं आणि वर पावाचा खुराक. आणि मधे काही? चाळा म्हणून?

धाकटी : मधे... ओरडल्या तर थोडं टाकते.

थोरली : मी पण. ओरडल्या तर.

डॉक्टर : ओरडल्या तर म्हणजे? कोंबडी दिवसभर ओरडतेच. अंडं घातलं म्हणून ओरडते, मांजर दिसलं म्हणून ओरडते, काही नसलं तर उगाच ओरडते. तुम्ही दर वेळी दाणे टाकलेत, तर ती काय शिकणार? ओरडलं की मिळतं. भूक लागली म्हणून नाही ओरडत ती, तुम्ही दिसलात म्हणून ओरडते.

थोरली : ते तुम्ही म्हणता हो. ऐकवत नाही ते ओरडणं.

डॉक्टर : चार महिने रोज ठासून भरलं, तर ही पिशवी ताणून सैल पडते. मग तिला चार दाणे खाली ढकलायचीही ताकद राहत नाही. आणि हे अंगण सिमेंटचं कधी केलंत?

थोरली : तीन महिने झाले. स्वच्छ राहतं.

डॉक्टर : तुम्हाला स्वच्छ राहतं. हिला दात आहेत का? खाल्लेलं दळायला बारीक खडे लागतात पोटात. ते मातीतून टिपतात या. तुम्ही जातंच काढून घेतलंत आणि दळण मात्र दुप्पट केलंत. बरं, काल हिच्यावर काही घरगुती उपाय?

धाकटी : पायाला धरून उलटी केली होती. म्हटलं, बाहेर पडेल.

डॉक्टर : पुन्हा करू नका. पिशवीतलं पाणी श्वासात जातं आणि जागच्या जागी मरते. हे सगळं सासूबाईंना ठाऊक होतं. तुम्ही दोघी सुना, एकीलाही विचारावंसं नाही वाटलं? जाऊ दे. मला एक सांगा, दुसरी घालते हे तुम्हाला चार महिन्यांत दिसलं नाही? तुमची तर खिडकीच अंगणात उघडते.

धाकटी : सातला मी आत असते, पाणी भरत. संध्याकाळी दुकानात शिवलेले कपडे पोचवायला जाते. आणि दिसलं असतं तरी...

डॉक्टर : तरी काय?

धाकटी : तरी माझा विश्वास नसता बसला. त्या घालतील यावर.

थोरली : ऐकलंत? माझ्यावर विश्वास नाही! मी सांगते तुम्हाला, मी का घालत होते. मला ठाऊक होतं ही घालणार नाही. हिच्या भरवशावर एक जीव राहिला होता या घरात, त्याचं काय झालं ते सगळ्या गल्लीने पाहिलं.

धाकटी : माझ्या भरवशावर?

थोरली : मग कुणाच्या?

डॉक्टर : कोंबडी खाली ठेवा आधी. आवळताय तुम्ही तिला.

धाकटी : डॉक्टर, तुम्हीच ऐका. आई अंथरुणाला खिळल्या होत्या. सकाळचं सगळं या करायच्या, दुपारचं मी. वर्षभर चाललं. एक दिवस चादर धुवायची राहिली यावरून भांडण झालं, आणि या म्हणाल्या, उद्यापासून तूच कर सगळं.

थोरली : आणि ही म्हणाली, करते की! उंबऱ्यात उभं राहून, कमरेवर हात ठेवून. करते की.

धाकटी : दर महिन्याला म्हणायच्या त्या! दर महिन्याला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपला तांब्या घेऊन हजर. मला कसं कळणार, या वेळी खरंच येणार नाहीत?

थोरली : तोंडाने सांगितलेलं तुला खरं वाटत नसेल तर माझा नाइलाज आहे.

डॉक्टर : मग त्या दिवशी कोणीच नाही गेलं?

धाकटी : संध्याकाळी भाऊजी कामावरून आले, ते सहज डोकावले. उन्हाळा कसला होता ते आठवतंय तुम्हाला. आईंचा पेला खाली पडलेला होता. पलंगाखाली गेला होता. हात पोचत नव्हता त्यांचा.

थोरली : दोन दिवस इस्पितळात होत्या. मग गेल्या.

डॉक्टर : मला ठाऊक नव्हतं.

थोरली : कोंबड्यांनाही कोणी काही घातलं नव्हतं त्या दिवशी. आईच सांगायच्या ना खिडकीतून, अगं घाला गं त्यांना. सकाळपासून ओरडत होत्या. नुसता कल्ला. मी दोनला शाळेतून आले, डोकं उठलं होतं. मी माझी खिडकी लावून घेतली आणि आडवी झाले. ऐकलंत डॉक्टर? कोंबड्या सांगत होत्या आणि मी खिडकी लावून घेतली. आता ओरडल्या की मला बसवत नाही. हातातलं टाकून धावते मी.

डॉक्टर : आणि तुम्ही, धाकट्या बाई?

धाकटी : मी मशीन चालवत होते.

डॉक्टर : हं.

धाकटी : आवाज येतो मशीनचा. बाकी ऐकू येत नाही.

डॉक्टर : बरं. झालं ते झालं, मी त्यावरचा डॉक्टर नाही. हिच्याबद्दल बोलू. हिला आज दिवसभर काही नाही. काही म्हणजे काही नाही, फक्त पाणी. चौघींपासून वेगळी ठेवा. दोन-दोन तासांनी कोमट पाणी पाजा, दोन थेंब तेल, आणि ही पिशवी बोटांनी हलकी चोळा. कणीक मळतात तशी नाही, तान्ह्या बाळाचं पोट चोळतात तशी. सुटलं तर आपोआप उतरेल. उद्या सकाळी येतो. नाहीच उतरलं तर चिरून काढीन आणि टाके घालीन.

धाकटी : जगेल?

डॉक्टर : वरून काही पडलं नाही, तर जगेल असं वाटतंय मला. पण ओरडेल. शहाणी आहे, ओरडलं की मिळतं हे तिला पाठ आहे. तुम्ही विरघळायचं नाही. आणि हे दोघींनी करायचं नाही. एकीने करायचं. कोण करतं?

थोरली : मी. दोन दिवस सुटी आहे मला. आणि हिच्या हातात दिली तर पुन्हा उलटी टांगील.

धाकटी : घेऊ देत त्यांनाच. माझ्या अंगावर नको.

डॉक्टर : नक्की? नंतर करते की, नाही करते की, असलं काही नको मला.

थोरली : मी करते म्हणाले ना. लिहून देऊ?

(दुसऱ्या दिवशी सकाळी. तेच अंगण. कोंबडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.)

डॉक्टर : कधी गेली?

थोरली : पहाटे बघितली तर आडवी होती.

डॉक्टर : काल संध्याकाळी कशी होती?

थोरली : बरी होती. खरंच बरी होती. दुपारपर्यंत मी चार वेळा चोळलं. मऊ पडलं होतं हो! चेंडू होता तो नुसता पिठाचा गोळा राहिला होता. बोटांना लागत होतं मला. मी यांना हाक मारून दाखवलंसुद्धा.

डॉक्टर : मग?

थोरली : मग काय?

डॉक्टर : बाई, चोचीत हे काय आहे? हे पांढरं? वास घेऊ?

थोरली : ...पाव.

डॉक्टर : पाव.

थोरली : एवढासा. दुधात भिजवून. चार वाजता ओरडायला लागली. थांबेचना. खोक्यातून मान काढून माझ्याकडे बघायची आणि ओरडायची. मी कान झाकून घेतले, आत जाऊन बसले, नळ सोडून ठेवला. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, विरघळायचं नाही. पण मला ती खिडकीच दिसायला लागली, डॉक्टर. आईंची. मी पुन्हा कान झाकून बसले होते. मला नाही सहन झालं. म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय.

डॉक्टर : फुगला तो आत. वर आला आणि श्वासात गेला. तुमच्या दयेने मारली तिला.

थोरली : हो.

डॉक्टर : मी माणसाच्या भाषेत सांगितलं होतं ना? काही म्हणजे काही नाही?

थोरली : हो. मारा मला. तिला बोलवा, तिलाही सांगा. ती तिकडे दारात उभी आहे, ऐकतेय सगळं. तुझं खरं झालं बाई. घे. आता गल्लीभर सांग, थोरलीने मारली आईंची कोंबडी.

धाकटी : मी पाहिलं होतं.

थोरली : काय पाहिलं होतंस?

धाकटी : तुम्हाला. चार वाजता. बशी घेऊन आलात ते. मी खिडकीत होते. बशीत काय आहे ते दिसत होतं मला.

थोरली : आणि बोलली नाहीस?

धाकटी : नाही.

थोरली : अगं, एक हाक मारायची होतीस! ताई, नको, एवढं. दोन शब्द. थांबले असते मी! शंभरदा थांबले असते!

धाकटी : ठाऊक आहे मला.

थोरली : मग का? अबोला होता म्हणून? माझ्याशी अबोला होता, त्या मुक्या जिवाने काय घोडं मारलं होतं तुझं?

धाकटी : अबोल्याचं नाही. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. मग वाटलं, घालू दे. होऊ दे. एकदा तरी तुमच्या हातून झालेलं मी डोळ्यांनी पाहीन. चार महिने तुम्ही येताजाता माझ्याकडे बघता ना, मी मारलं असल्यासारखं. मला एकदा तुमच्याकडे तसं बघायचं होतं.

डॉक्टर : बाई, बसा. पायरीवर बसा दोघी.

धाकटी : नाही, मला बोलू द्या, नाहीतर पुन्हा राहून जाईल. त्या दिवशी मशीन चालू होती हे खोटं आहे. मशीन बंद होती. सकाळी अकरालाच कळलं होतं मला, तुम्ही आईंकडे गेला नाहीत. तुमचा तांब्या बाहेर पालथा होता. कोंबड्या ओरडत होत्या ते ऐकत होते. उठलेही होते एकदा. मग म्हटलं, दोनला ताई शाळेतून येतील, आईंना तशा बघतील, आणि जन्मभर पुन्हा मला चादरीवरून बोलणार नाहीत. म्हणून थांबले. तुम्ही यायची वाट बघत बसले.

थोरली : आणि मी खिडकी लावून घेतली.

धाकटी : तुमची खिडकी लागलेली ऐकली मी. तेव्हा मला वाटलं, तुम्ही जाऊन आलात. तेव्हा मी मशीन सुरू केली.

थोरली : अकरा ते दोन?

धाकटी : अकरा ते दोन.

थोरली : आईंना हाक ऐकू आली असती तुझी. तिथून. खिडकीतून.

धाकटी : हो.

थोरली : मला किळस येते तुझी.

धाकटी : येऊ दे. मला चार महिने येतेय.

थोरली : आणि माझीही येते. तीच पंचाईत आहे. नुसती तुझी आली असती तर किती बरं झालं असतं.

डॉक्टर : हिला पुरायला माती कुठे उरलीय तुमच्याकडे? सगळं सिमेंट.

धाकटी : आईंच्या खिडकीखाली वीतभर पट्टा आहे. तुळशीला लागून. तिथे घातलं नाही भाऊजींनी सिमेंट, नळाची जोडणी होती म्हणून.

डॉक्टर : पुरेल. खोल खणा, मांजर उकरेल. आणि पुरून झालं की तो सगळा सिमेंटचा कोपरा फोडून घ्या. उरलेल्यांना माती दिसू दे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मूठ मोजून. पाव बंद. चाललो मी. माझ्याकडे या घराला द्यायचं औषध नाही.

थोरली : डॉक्टर, आज सकाळी त्या चौघींना... मी नाही घातलं अजून. माझं लक्षच नव्हतं.

डॉक्टर : मला काय सांगता?

थोरली : ...तू घातलंस?

धाकटी : नाही. तुम्ही घातलं असेल वाटलं.

डॉक्टर : ओरडत नाहीयेत बघा त्या. त्या कोपऱ्यात उभ्या आहेत. येतो.

धाकटी : फावडं मी आणते.

थोरली : आण. कोंबडी मी धरते. तू खण, तुझ्या हाताला जोर आहे.

धाकटी : बरं.

थोरली : आणि दाणा मी घालते. एक मूठ. संध्याकाळचा तू घाल. ऐकलंस का? आत्ताचा मी घालते म्हणाले.

धाकटी : ऐकलं.